बिनअक्षरी पळस

"धुऱ्यावरल्या सावलीत, माझी अलका झोपली,
रोवता रोवता बाई, नजर मागंच राहिली..."

चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेतून हा आवाज उठायचा आणि धानाच्या बांधीभर पसरत जायचा. आवाज अन्नपूर्णाचा, अलकाच्या थोरल्या बहिणीचा. आई गेली तेव्हा अलका रांगत होती. तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, निजवून अन्नपूर्णा धानाच्या रोवण्याला उतरायची. झोपेतल्या लेकराला गाणं कुठून कळणार, पण अलकाला ते आठवत होतं. आज पन्नाशी उलटल्यावर, सौंदडच्या घरात, मशीनचं हँडल फिरवतानाही आठवत होतं.

"आई, थांबा! प्लेट तिरकी चालली."

साक्षीनं हँडल धरलं. साक्षी अलकाची सून, गोंदियाची. घरबसल्या हातानं कार्डं बनवून विकायची. खोलीभर रंगीत कागद, शाईच्या डब्या, रबरासारखे पारदर्शक शिक्के आणि फुलापानांच्या आकाराचे पोलादी साचे. साक्षी त्यांना 'डाय' म्हणायची. कागदावर डाय ठेवायची, वरखाली प्लेटा लावून मशीनमधून काढायची, की फूल अलगद सुटून यायचं. सध्या मात्र हे सगळं घरच्याच कामाला लागलं होतं. पौर्णिमेला तिच्या आणि संघदीपच्या मुलीचं नामकरण होतं.

"एक कार्ड मी करतो," अलका सकाळीच म्हणाली होती. "माझ्या बाईसाठी. चिचगडले."

चिचगडला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणायची. साक्षीनं या बाईंना कधी पाहिलं नव्हतं. लग्नात त्या आल्या नव्हत्या, एवढंच तिला ठाऊक.

तिनं साच्यांचा डबा पुढं सरकवला. अलकानं एक उचलला.

"हे कोनतं फूल वं?"

"पिओनी."

"इकडं कुठं भेटते?"

"कहीं नहीं मिलता, आई. पर लोगों को अच्छा लगता है."

"जे कोनी पाहिलंच नाही ते कसं आवडते?" अलका हसली. "बाईले हे दाखवलं त मनंल, कोबी काऊन पाठवला? तुझ्याजवळ परसाचा साचा नाही काय?"

पळसाचा साचा नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. अलका डबा उलथापालथा करत राहिली. शेवटी तिनं एक लांबट पानाचा शिक्का निवडला, त्याच मापाची डाय काढली आणि हिरव्याऐवजी केशरी शाई घेतली.

"हे पान आहे, आई."

"असू दे."

पहिला ठसा फिसकटला. "दाबल्यावर हलवू नका," साक्षी म्हणाली. "सरळ दाबा, सरळ उचला." दुसरा बरा आला. मग ठशावर डाय नीट बसवून अलकानं हँडल फिरवलं. कर्र आवाज झाला आणि केशरी पान मोकळं झालं. तिनं ते पेन्सिलीवर गुंडाळून पोपटाच्या चोचीसारखं वाकवलं, बुडाशी काळपट कागदाची इवलीशी वाटी चिकटवली. अशा पाकळ्या जमत गेल्या, तशी कार्डावर निष्पर्ण काळी फांदी पेटत गेली.

"अरे, हे तर खरंच पळस झालं!" साक्षी वाकून बघत राहिली. "आता आत कोणता शिक्का मारू? 'सस्नेह निमंत्रण' आहे, 'आपण यायचंच' आहे."

"कोनताच नको. बाईले वाचता येत नाही."

साक्षीनं शिक्का खाली ठेवला. थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, "मग आमच्या लग्नाची पत्रिका त्यांना कुणी वाचून दाखवली?"

अलकाचा गोंद लावता हात थांबला. हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या घराण्यात थोरल्या माणसाला निमंत्रण कागदावर जात नाही. घरचं कुणीतरी जातं, ओसरीवर बसतं, चहा पितं आणि 'चला' म्हणतं. पत्रिका द्यायची ती नंतर. संघदीपच्या लग्नात अलकानं चिचगडची पत्रिका एसटीच्या कंडक्टरजवळ दिली होती. 'धावपळ होती,' असं ती सगळ्यांना सांगत आली. धावपळ होतीच. पण गोंदियाचे पाहुणे यायचे होते, हिंदी बोलणारे, इस्त्रीच्या कपड्यांतले. अन्नपूर्णा आली असती तर चार दिवस आधी आली असती. गालात तंबाखूचा खर्रा धरून मांडवात मधोमध बसली असती आणि रोवण्याची गाणी अशी म्हटली असती की भोंग्याची गरज पडली नसती. अलकानं पत्रिका पाठवली आणि बहीण येणार नाही, हे मनातल्या मनात धरून टाकलं. तशी ती आली नाही. तीन वर्षं झाली. मधल्या काळात फोन झाले, तेही पावसाचे आणि दुखण्याखुपण्याचे.

कार्ड वाळलं. साक्षीनं पाकिटात घातलं.

"उद्या सकाळच्या बसला कंडक्टरजवळ देऊन देते, आई. दुपारी पोचून जाईल."

"नाही," अलका जरा जोरातच म्हणाली. पाळण्यातली पोर दचकली. "मी जातो."

दुसऱ्या दिवशी चिचगडच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्यांचा गोड, आंबूस वास दारापर्यंत आला होता. अन्नपूर्णा मधोमध बसून काडीकचरा निवडत होती. तिनं कपाळावर हात आडवा धरून पाहिलं.

"कोन? सौंदडवाली? अवं, आज कंडक्टर सुट्टीवर हाय काय?"

अलकानं चपला दारातच काढल्या.

"ये. मोहावर पाय नको देऊ."

चहा झाला. अलकानं पाकीट पुढं केलं. अन्नपूर्णानं हात लुगड्याला पुसले, कार्ड बाहेर काढलं आणि उभारलेल्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं.

"परस हाय. मशीननं केला?"

"कापला मशीननं. वाकवला मी."

"रंग फिक्का पडला," ती म्हणाली, पण बोट काही काढलं नाही. मग कार्ड उघडलं. "आत कोरं काऊन?"

"तोंडानं सांगाले आली, बाई. पौर्णिमेले नातीचं नामकरण हाय. चल."

अन्नपूर्णानं कार्ड मिटलं, पुन्हा उघडलं.

"येईन. पोरीनं काय बिघडवलं माझं?"

अलकाच्या छातीवरचा दगड उतरला. आणि उतरला म्हणूनच ती बोलून गेली, "लग्नाच्या वक्ती लय धावपळ झाली, बाई. मनून..."

"राहू दे. मले मालूम हाय."

अन्नपूर्णा पुन्हा मोहफुलं निवडू लागली. ऊन सरकून तिच्या पायांवर आलं होतं. मग मान वर न करता ती म्हणाली,

"मी आलती, अलका."

"कुठं?"

"संघदीपच्या लग्नाले. बाजूच्या पोरानं पत्रिका वाचली, तारीख सांगितली. नवं लुगडं नेसून फाट्यावर उतरली. तुझ्या मांडवातला भोंगा तिथवर ऐकू येत होता. म्हटलं, बिनबोलावता कशी जाऊ? कोनी ना कोनी दिसंल, मनंल, चाल वं मोठे माय. एका पोराले धाडलं असतंस त धावत आली असती मी. पंचशील झालं, भोंग्यावर सारं ऐकलं. तिथंच बसून हात जोडले. लोकं जेवून परत जाऊ लागले, तवा तोंडावर पदर घेतला, कोनी ओळखू नाही मनून. मंग शेवटच्या बसनं माघारी आली. गावात सांगितलं, बसच भेटली नाही."