दोन्हीकडे सारखं पाणी

मी मानशी बोलतेय, आमोण्याच्या बांधातली. मानशी म्हणजे काय हे पूर्वी इथं कुणाला सांगावं लागत नसे. आता सांगावं लागतं, तेव्हा ऐका. एका अंगाला मांडवी नदी, दुसऱ्या अंगाला भातशेत, मध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात वरून टांगलेलं लाकडी दार, ती मी. ओहोटी लागली की शेतातलं पाणी मला ढकलून नदीत जायचं. भरती आली की नदी उलटी ढकलायची आणि मी मिटायची. कुलूप नको की राखणदार नको. हुशार होते मी, खोटं कशाला बोलू!

आमोण्याच्या बाबली मेस्त सुतारानं मला किंजळीच्या लाकडातून घडवलं. बसवून झाल्यावर तो बांधावर विडी ओढत बसला आणि पहिल्या भरतीला मी आपसूक मिटले, तसा एकटाच हसला. तेवढं कौतुक मला पुढं कुणी केलं नाही.

माझ्या लगतचं शेत शेवंतीचं. नवरा लवकर गेला. मुलगी सिद्धी लहान होती तेव्हापासून ही बाई एकटीनं चिखलात उतरतेय. पेरायची कोरगूट. हे आमच्या खाजणातलं, म्हणजे नदीकाठच्या खारवट शेतातलं जुनं भात, थोडं खारं सोसणारं. वर्षभर घरात त्याचीच पेज. बाजारचा तांदूळ तिला नको असायचा. "कापूस चावल्यासारको लागता," म्हणायची. ह्या शेतापलीकडे तिला दुसरं काही नव्हतं आणि हवंही नव्हतं.

आता रीत सांगते. कापणी झाली की मला दोरीनं उघडी बांधून थोडं खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचं. त्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटे मासे, खेकडे आत येतात. पण होळीचा शिगमो झाला की माझ्या दाराची दोरी सोडायची, म्हणजे मी पुन्हा आपल्या कामाला लागायची. शेत उन्हात तापायचं आणि पावसात धुऊन निघायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या तोंडाशी मासळी धरायचा हक्क सगुणकडे आला. वाईट माणूस नव्हे तो. तोंडभर हसणारा, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. एका वर्षी शिगमो झाला तरी त्यानं दोरी सोडली नाही. शेवंती कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली.

"सगुणा, शिगमो जालो मरे! दार सोड."

"आठच दिस गो वयनी. कांय जायना!" म्हणजे काही होत नाही, आणि वर तिच्या हातात सुंगटांचा वाटा.

खरंच काही झालं नाही. भात नेहमीसारखं कमरेएवढं आलं. पुढच्या वर्षी आठाचे पंधरा दिवस झाले. त्याच्या पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीया उलटली. दर भरतीला मी ताटकळत उघडी. नदी बिनदिक्कत आत यायची आणि मला भारी राग यायचा, पण दोरीनं बांधलेल्या दारानं करायचं काय? आणि दर वर्षी भात यायचं. कोरगूट सोसत होतं ना! ते सोसतंय हे कुणाला दिसत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, मजेत आहे.

सिद्धी तोवर म्हापशाला कॉलेजात जाऊ लागली होती. एका रविवारी ती बांधावर आईशेजारी बसून बोलत होती. त्यांच्या सरांनी शिकवलं होतं, म्हणे, की कित्येक गोष्टी हळूहळू बिघडत नाहीत. बराच काळ धड दिसतात आणि एका टोकाला पोचल्या की एकदम उलटतात. तिनं तळ्यांचं सांगितलं, जंगलांचं सांगितलं, तापाच्या साथीचं, तापवलेल्या लोहचुंबकाचंसुद्धा. मला काय कळतंय लोहचुंबकातलं! पण मातीचं बोलली ते मला बरोबर कळलं. माती पाणी पिते, म्हणून पावसात मीठ खाली धुऊन जातं. मीठ फार झालं की मातीची बारीक भोकंच बुजतात. मग पाऊस वर नुसता उभा राहतो आणि मीठ आतच राहतं. आणि एकदा उलटलं की जिथून घसरलं तिथवर परत येऊन भागत नाही, त्याच्याही फार मागं जावं लागतं.

"आणि ते टोक कुठं असतं?" शेवंतीनं विचारलं.

"ते आधी समजत नाही गो आई."

"मग कळणार ते कसं?" शेवंती हसली. "बाये, आमचा कोरगूट खारं सोसता. तुझ्या पुस्तकातलं भात न्हय ते."

त्याच वर्षी सिद्धीचं लग्न ठरलं, पेडण्याच्या घरात. ती माणसं जेवायला यायची होती, ज्येष्ठात. शेवंती स्वतः सगुणकडे गेली. "ह्या खेपेला आणीक थोडे दिस ठेव रे दार. मोठी सुंगटं होवं देत." पाहुणे जेवले. वाखाणणी झाली. दोरी सुटली तेव्हा मृग लागून गेला होता.

रोपं लावली, धरली, वीतभर वाढली. मग पात्यांची टोकं करपली आणि बघता बघता सगळं शेत तांबडं झालं. वरून पाऊस कोसळत होता आणि शेतात पाणी नुसतं थांबून होतं, खाली थेंब जात नव्हता. शेवंतीनं चिखलात हात घातला आणि बोटं जिभेला लावली. मग ती तिथंच खाली बसली. पदर पाण्यात गेला तरी तिला भान नव्हतं.

सगुण धावत आला. त्यानं दोरी कोयत्यानं तोडून नदीत भिरकावली. माझ्या फटी बुजवल्या, कुजलेली फळी बदलली. शेवंतीनं त्याला चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण कुठल्या तोंडानं देणार?

पुढच्या वर्षी मी अशी घट्ट मिटले की नदीचा थेंब आत गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही. चुना घातला, जिप्सम घातलं, शेण घातलं, चर खणले. दोन्ही वर्षी रोपं करपली. तिसऱ्या वर्षी शेवंती शेतात उतरलीच नाही. कधीकाळी महिनाभर जास्त उघडी राहिले तरी हे शेत सांभाळून घ्यायचं. आता मी कितीही वर्षं मिटून राहिले तरी त्याला पत्ता नाही. जीव तुटतो माझा.

ज्याच्यामागं पीकच नाही अशा बांधावर माती कोण घालणार? पलीकडं खेकड्यांनी भोकं पाडली आणि एका उधाणाला बांध फुटला. नदी तिथून आत येते. शेतात खारफुटी उगवलीय, तिला हात लावायची मनाई आहे. आता माझ्या दोन्हीकडे सारखंच पाणी. दार हलायला एकीकडचं पाणी उतरावं लागतं. ते उतरत नाही, म्हणून मी हलत नाही.

परवा सिद्धी माहेरी आली होती. दोघी इथं उभ्या होत्या.

"आई, कोरगुटाचं बियाणं कुठं ठेवलंय?"

"खाल्लं."

"सगळं?"

"दोन वर्सं पेरूक ना ते रुजता काय? उकडलं, कांडलं आणि पेज केली."

सिद्धी हळूच म्हणाली, "कशी लागली?"

"कशी म्हणजे? सदांसारकीच लागली गो," शेवंती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

माझं आता काही मागणं नाही. खालच्या अंगाला, नार्व्याच्या वाटेवर, माझ्यासारख्या आणखी मानशी आहेत. त्यांचीही दारं शिगम्यानंतर बांधलेलीच असतात. कुणीतरी जाऊन तिथल्या माणसांना सांगा, असं म्हणणार होते. पण ते ऐकणार नाहीत. त्यांचं भात अजून छान येतंय.