साध्या गाठीचं ऑपरेशन

मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या टेलरताई आहेत ना, त्यांच्या उजव्या छातीत गाठ आली. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट सांगायला डॉक्टरांनी बोलावलं. तोवर ताईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. धडधड काय, हाताला घाम काय, कात्री धरली की सटकायची. दवाखान्यातल्या सिस्टरनेच शिकवलं होतं त्यांना, घाबरायला झालं की पाय जमिनीला घट्ट टेकवायचे, सावकाश श्वास सोडायचा आणि मनात असेल ते सरळ विचारायचं. ताईंच्या मनात एकच, उजवा हात चालेल ना? सगळं पोट त्या हातावर.

सोबत थोरला भाऊ. तो सगळीकडे सोबतच असतो म्हणा, बहिणीने भाजी घ्यायची तरी भाव हाच विचारणार.

तर डॉक्टरांनी पडद्यामागे तपासलं, कपडे घाला म्हणाले आणि बाहेर टेबलाशी जाऊन बसले. ताई आत हुकं लावतायत, आणि बाहेर रिपोर्ट बघून भावाची कुजबूज सुरू.

"कॅन्सर आहे हे तिला नका सांगू. हाय खाईल ती. साधी गाठ म्हणा."

"बरं, तसं म्हणू," डॉक्टर म्हणाले.

आणि सिस्टर, तीच ती, म्हणते, "तेच बरं. बायका फार टेन्शन घेतात."

ताईंना रडू नाही आलं. शिसारी आली. घासातला केस घशापर्यंत जावा ना, तशी. अंग आपलं, आणि हे तिघं बाहेर बसून ठरवतायत. पाय थंड फरशीवर टेकवले, श्वास सोडला, पडदा सारला.

तिघांचे चेहरे एकदम गोड.

"काही नाही ताई," डॉक्टरांचा आवाज पाकात बुडवलेला. "साधी गाठ आहे. ऑपरेशन करून काढून टाकू."

"साधीच?"

"अगदी साधी," भाऊ म्हणाला.

"मग राहू दे की. दुखत नाही, खुपत नाही. कामं पडलीत ढीगभर. चल दादा." आणि पर्स उचलली.

भावाचं तोंड बघायला हवं होतंस. "अगं, पण ऑपरेशन करावंच लागेल."

"साध्या गाठीला?"

"डॉक्टर म्हणतायत ना."

"ते तर साधी म्हणतायत."

डॉक्टर पेनाचं टोपण उघडतायत, लावतायत. सिस्टर खिडकीबाहेर बघतेय.

"पडदा कापडाचा आहे, दादा," ताई म्हणाल्या. "कापड मला कळतं."

मग कुठे डॉक्टर नीट बोलायला लागले. कॅन्सरच आहे, लवकर सापडलाय, काखेतूनही थोडं काढावं लागेल.

"आणि कात्री?" ताईंनी विचारलं.

"काही महिने हात जड राहील, व्यायाम करावा लागेल. नंतर चालवाल, बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर ताईंचा विश्वास बसला. सकाळपासून पहिला खरा शब्द तोच.

एवढ्यात भाऊ रडायला लागला. "तुझ्यासाठीच केलं ना मी." आणि खांद्यावर हात ठेवला, ओल्या फडक्यासारखा. ताईंनी खांदा काढून घेतला. सिस्टरने विचारलं, ऑपरेशनला सोबत कोण? "मीच, अजून कोण आहे तिला," भाऊ म्हणाला. आणि तेही खरंच गं, दुसरं कोणी नाहीच.

बाहेर येऊन त्याने गाडीचं दार उघडून धरलं. "बस ना, आता सगळं खरं सांगेन." ताई फुटपाथवर तशाच उभ्या. तू असतीस तर बसली असतीस का गं त्या गाडीत?