सासऱ्यांना पुसताना

घराला अक्कल शिकवली ती सूनबाईनं. दिवे, नळ, दारं, सगळं तिच्या प्रोग्रामवर चाले आणि त्यात घरातलं प्रत्येक माणूस म्हणजे एक नोंद, प्रोग्रामच्या भाषेत ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट जन्मलं, बदललं किंवा पुसलं जाणार असलं, की नेमून दिलेली कामं आपसूक धावून येत. त्यांना कॉलबॅक म्हणतात. न बोलावता धावून येणाऱ्यापासून, काम असो की नातेवाईक, चार हात लांब राहावं. पण शहाण्या माणसाला सांगणार कोण?

सासरे गेले. घराला मात्र ते पटेना. त्यांच्या खुर्चीवरचा दिवा रोज संध्याकाळी लागे आणि सासूबाई तोंड फिरवून बसत.

"पुसून टाक गं त्यांना एकदाचं," त्या म्हणाल्या. "जीव तुटतो माझा."

सूनबाईनं पुसलं. पुसण्याआधीचा कॉलबॅक तिनंच लिहिलेला: माणसाच्या आधारानं जे जे नोंदलंय, ते आधी पुसायचं. त्यांच्या गोळ्यांची आठवण गेली, पंख्याचा वेग गेला आणि सासूबाईही गेल्या. घर नवं असताना त्यांनीच हट्ट धरला होता, "मला ह्यांच्याखालीच लिही, जन्म तिथंच गेलाय." सूनबाईनं हसत हसत लिहिलं होतं.

"हा नळ माझ्यावर रुसलाय का गं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

त्या बाहेर येऊन खुर्चीत बसू लागल्या, तेवढ्यात नवरा आला आणि थेट त्याच खुर्चीत बसला. बिचाऱ्या कशाबशा बाजूला झाल्या.

"अहो, आई आहेत तिथं!"

"आई? कुणाची, तुझी? कधी आली?"

"चेष्टा पुरे हं," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं कानाजवळचा डास मारावा तसा हात हलवला.

सूनबाईनं सासूबाईंचा हात धरू पाहिला. हातातून पलीकडचे खिडकीचे गज दिसत होते.

ती कॉम्प्युटरकडे धावली. नव्यानं नोंदवल्या असत्या तर त्या कोऱ्या आल्या असत्या; ना लग्न आठवतं, ना लेक. जशाच्या तशा हव्या असतील तर घरानं जपून ठेवलेली सगळ्या नोंदींची कालची प्रतच परत आणायला हवी होती, आणि तिच्यात त्या एकट्या सुट्या निघत नव्हत्या. आधी सासरे, मग त्यांच्याखाली सासूबाई.

"सूनबाई," मागून आवाज आला, वाऱ्याएवढा. "मला थंडी वाजतेय गं."

तिनं डोळे मिटून बटण दाबलं. जन्माचे कॉलबॅक ओळीनं धावले. बाथरूममध्ये पाणी सुरू झालं.

"आई, बाबा किती वेळ आत आहेत!" नवरा कुरकुरला.

"असू दे रे," सासूबाई म्हणाल्या. धडधाकट, गालांवर रंग चढलेला. "लांबून आलेत."

बाथरूमचं दार बोटभर उघडलं. सूनबाईनं मान वळवून टॉवेल पुढं केला. कुणीतरी तो ओढून घेतला आणि आतून तक्रार आली, "ओला आहे हा!"

तिनं कोरडा आणून दिला.