बिनमालकाचा हुंकार

भुताच्या गोष्टीत दचकायचं कुठे आणि हसायचं कुठे, हे ठरवण्यात तिची सगळी सकाळ गेली होती. तमिळ सिनेमे मराठीत यायचे असले, की पडद्यावरच्या ओठांना बसतील असे संवाद लिहून देणं हे तिचं काम. या खेपेला डबिंगवाल्या सरांनी दोन सिनेमे एकदम गळ्यात मारले होते. दोन्ही भुताचे, दोन्ही विनोदी, आणि दोन्हींत एक प्रसंग इतका सारखा, की जुळी भावंडं परवडली.

"शेजारी-शेजारी लावून बघ," सर फोनवर म्हणाले होते. "एकीचं झबलं दुसरीला घालू नकोस. प्रेक्षक काही दूधखुळा नसतो."

म्हणून ती बघत होती. पहिल्यात एक घरांचा दलाल आहे. वीज गेलेल्या बंगल्यात तो गिऱ्हाइकांना बंगल्याचा इतिहास सांगतो. दुसऱ्यात लॉजचा आचारी आहे. तो कांदा चिरता चिरता मुक्कामाला आलेल्या बँडवाल्यांना तळघरातल्या बाईची गोष्ट ऐकवतो. गोष्ट रंगत जाते, ऐकणारे 'हूं, हूं' करत राहतात, आणि मध्येच एक हूं जास्तीचा येतो, खोलीतल्या कुणाचाच नसलेला. दलालाला तो ऐकू येतो, पण बिचारा गोष्ट थांबवत नाही, कारण थांबलं तर कबूल करावं लागेल. आचाऱ्याला मात्र पत्ताच नसतो. त्याच्या आधी बँडवाल्यांना कळतं, आणि ढोलवाला ढोलाच्या आड जातो. तिथे सांगणाऱ्याला हसायचं, इथे ऐकणाऱ्यांना. फरक एवढासाच, पण सगळी मजा त्याच्यावर उभी.

डबिंगमध्ये हुंकारालाही मालक लागतो. कुठला हूं कुणाच्या तोंडचा, हे लिहून द्यावं लागतं, नाहीतर स्टुडिओत सगळेच एकदम हूं म्हणतात. त्यामुळे तांदळातले खडे वेचावेत तसे तिचे कान सकाळपासून हुंकार वेचत होते.

म्हणूनच तो तिला ऐकू आला.

सिनेमा थांबवून ती पाणी प्यायला उठली होती. टेबलावरच्या बेबी मॉनिटरमधून बिट्टीच्या खोलीतलं बोलणं येत होतं. बिट्टी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. तिला सांभाळायला नुकत्याच लागलेल्या मावशी गोष्ट सांगत होत्या.

"...आणि राक्षस म्हणाला, माझी टोपी कुठाय?"

"हूं," बिट्टी म्हणाली.

"हूं," आणखी कुणीतरी म्हणालं. जाड आवाजात. बाप्याच्या.

तिच्या हातातला पेला हातातच राहिला.

मावशींबद्दल तिच्या मनात पाल पहिल्याच दिवशी चुकचुकली होती. आल्या आल्या विचारलं काय, तर "ताई, तुम्ही दिवसभर घरीच असता का हो?" वर फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलणार. आणि परवा जेवताना बिट्टी सहज म्हणाली होती, "आमच्या गोष्टीला अजून एक जण असतो." कोण, विचारलं तर खांदे उडवून मोकळी. तेव्हा ती हसली होती. आता हसू येईना. घरात परका माणूस येतो, पोरीजवळ बसतो, आणि आपण इथे कानाला हेडफोन लावून खोट्या भुतांचे हुंकार मोजतोय! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि तिचं मन तर या कामात पटाईत.

"हूं," मॉनिटर पुन्हा म्हणाला.

तिने पॅसेजमधला कापड मोजायचा लाकडी गज खुंटीवरून काढला. गज सासऱ्यांचा. सासरे शिंपी होते. सगळा जन्म तोंडात टाचण्या धरून लोकांची मापं घेतली त्यांनी. आता झटक्याने अर्धं अंग गेलं होतं, अर्धा चेहरा ओघळला होता आणि वाचा पार बसली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचं तोंड बघून बिट्टीने असा टाहो फोडला, की हिने आठवड्याच्या आत त्यांच्या मोठ्या खोलीत प्लायवुडचं पार्टिशन घालून घेतलं. अलीकडे बिट्टी, पलीकडे आजोबा, दारंही वेगळी. तेव्हापासून ते पार्टिशनकडे तोंड करून पडलेले असत, ताट घेऊन गेलं तरी वळत नसत. रुसलेत, तिने मनाशी धरलं होतं. हिशेब मनात ठेवतायत माझा.

त्यांचं दार बंद होतं. ते ओलांडून तिने बिट्टीचं दार गजानेच ढकललं.

आत मावशी, बिट्टी आणि उशांचा किल्ला. तिने पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. पडदा बाजूला केला.

"काय हरवलं, ताई?"

"कोण होतं इथे?"

"मी आणि ही."

"आणि तिसरा?"

"तिसरा कोण?"

"मावशी, मी कानांनी ऐकलंय. बाप्याचा आवाज. उगाच साळसूदपणा नको."

मावशींनी गजाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मला वाटलं ते तुम्हीच!"

"मी?"

"त्या यंत्रातून! ही बाई गोष्ट धड सांगते का नाही, ते बघायला. पहिल्यांदा दचकले. मग म्हटलं, शिकलेली माणसं, घेत असतील परीक्षा. म्हणून तर घसा फोडून सांगत होते रोज."

"माझा आवाज असा आहे?"

"यंत्रातून सगळ्यांचाच घोगरा येतो. माझा लेक फोनवर बोलतो, तर रेडा बोलल्यासारखा वाटतो. म्हणून गॅलरीत जाते, ही झोपलेली उठू नये म्हणून."

"मावशी, त्या यंत्रातून इथलं तिथे ऐकू येतं. तिथलं इथे नाही येत."

मावशींनी हळूच बिट्टीला मांडीवर ओढलं. "मग... हूं कोण म्हणतं?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हे दलालासारखं झालं की आचाऱ्यासारखं, असा एक वेडा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. कशासारखंच नव्हतं. तिथे कुणाच्या मांडीवर मूल नव्हतं.

"पुढे सांग ना," बिट्टी कंटाळून म्हणाली. "राक्षसाने दार उघडलं. मग?"

मावशी कपाटाकडे बघत होत्या.

"हूं?" प्लायवुड म्हणालं.

गज खाली पडला. मावशींनी डोळे गच्च मिटले.

"आजोबा विचारतायत, मग?" बिट्टीने दोघींना समजावून सांगितलं.

ती धावत वळसा घालून पलीकडे गेली. सासरे नेहमीसारखेच पार्टिशनकडे तोंड करून पडले होते. पण आज तिने नीट पाहिलं. कान प्लायवुडला टेकलेला होता.

तिला त्यांचं दुकान आठवलं. गिऱ्हाईक घरचं सगळं रामायण सांगायचं आणि टाचण्यांनी भरलेल्या तोंडातून हे नुसतं हूं म्हणायचे. होकाराचा हूं वेगळा, नकाराचा वेगळा, पुढे बोला म्हणणारा वेगळा. आणि आजारपणात सगळ्यांनी त्यांना काय म्हणायला लावलं? बाबा, आ म्हणा. बाबा, पाणी म्हणा. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"बाबा?" ती म्हणाली. "आत्ता तुम्हीच ना? हूं म्हणा बघू."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई," पलीकडून मावशींचा चिरका आवाज आला, "आहात ना हो जिवंत?"

"आहे. तुम्ही गोष्ट सांगा."

"आत्ता?"

"आत्ताच. मोठ्याने."

मावशी थरथरत्या आवाजात सुरू झाल्या. राक्षसाची टोपी, टोपीत उंदीर, उंदराची सात पिल्लं. ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणारीच जास्त घाबरलेली. सासरे गप्प. माझ्यासमोर नाही म्हणणार, तिला वाटलं, आणि ते खरं असावं याची भीती वाटली. मग तिने त्यांच्याकडे बघणं सोडलं, पायथ्याशी त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि प्लायवुडला उद्देशून म्हणाली, "हूं."

"...आणि सर्वांत धाकटं पिल्लू म्हणालं, टोपी आमची!"

"हूं," ती म्हणाली.

"हूं," तिच्या पाठीमागून आलं.

ती वळली नाही. मग तिने पार्टिशनवर टकटक केलं. "मावशी, बिट्टीला घेऊन या इकडच्या दाराने."

"नक्की का, ताई? रडली म्हणजे?"

"रडली तर बघू."

मावशी दारात आल्या. कडेवरच्या बिट्टीने पलंगाकडे पाहिलं, बराच वेळ. सासऱ्यांनी चांगल्या हाताने चादर तोंडावर ओढायला घेतली.

"आजोबांचं तोंड वाकडं आहे," बिट्टीने जाहीर केलं.

चादर थांबली.

"हूं," आजोबा म्हणाले.

बिट्टीने यावर विचार केला, मावशींच्या कडेवरून घसरून खाली उतरली, पलंगावर चढली आणि आजोबांच्या पायाशी मांडी घालून बसली.

"हां, मावशी," ती म्हणाली, "उंदराचं सांग पुढे."