भोवऱ्यावरची जाळी

सासऱ्यांच्या पोटातली फुगलेली धमनी हॉस्पिटलात सुनेच्या संगणकाच्या पडद्यावर धडधडत होती. रक्त काही दाबून लहान होत नाही. जागा फुगली की ते तिथे गिरक्या घेतं. त्या गिरक्या मोजायला सून धमनीवर चौकोनांची जाळी टाकायची. संथ रक्तावर जाळी ऐसपैस राही, भोवऱ्यापाशी आपसूक बारीक होई. आज एका जागी ती इतकी बारीक झाली, की नुसती काळी दिसत होती.

"ऑपरेशन लागणारच. घरचं माणूस आहे, तूच समजव," सर्जन म्हणाले होते.

रिपोर्ट विचारायला आलेले सासरे मागे उभे राहिले. "दिवसभर हेच विणतेस होय? एक झबलं विणायची वेळ काही आणली नाहीस आमच्या घरावर."

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "मामंजी, ही धमनी कधीही फुटेल. एका म्हाताऱ्यांची आहे. ऑपरेशन करू म्हणतात."

"कशाला फाडता त्याला? खाऊनपिऊन झालंय त्याचं. सून तुझ्यासारखी असेल, तर सुटेल बिचारा." ते खुदुखुदु हसले.

त्यांना सांगायला हातात घेतलेला रिपोर्ट तिने मिटून बाजूला ठेवला.

"बरं, माझं काय म्हणाले डॉक्टर?"

"तुमच्या मनासारखं होऊ द्या म्हणाले. तुमचा शब्द मी कधी मोडलाय का?"

पडद्यावर दोन ठोक्यांच्या मधे भोवरा विरला, बारीक चौकोन एकमेकांत मिसळून मोठे झाले. पुढच्या ठोक्याला जाळी पुन्हा काळवंडली.

"चला मामंजी," ती मायेनं म्हणाली, "घरी जाऊ."