लंगडी पायरी

तिबुर्सिओने निवडुंगाच्या पानावरचा पांढुरका किडा नखाने उचलला, व्हॅनमधून उतरलेल्या पाहुण्यांवरून एकदा नजर फिरवली आणि तो किडा नेमका सेनाइदाच्या तळहातावर ठेवला.

"चिरडा बाई, घाबरू नका. असा किडा पाहिलाय का कधी?"

सेनाइदाने तो अंगठ्याने चिरडला. तळहात लालभडक झाला आणि बाकीच्या पाहुण्यांनी तोंडावर हात नेले. या अंगणापासून चौथं घर तिचं. उभा जन्म तिने हेच किडे वाटून लोकर रंगवली होती, आणि तिबुर्सिओला ते पक्कं ठाऊक होतं. दोघं लहानपणी एकाच ओढ्यावर लोकर धुवायला जात. तिने शाल कपाळावर आणखी पुढे ओढली.

"नाही हो. पहिल्यांदाच बघतेय."

तिबुर्सिओ मनापासून खूश झाला. असा दिवस माणसाच्या आयुष्यात रोज येत नाही.

झालं होतं असं, की गावात कुणाला कळू नये म्हणून सेनाइदा पहाटेच्या बसने वाहाका शहरात गेली होती. घरी सांगितलं, सूत आणायला जाते. तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा एलियासार पाहुण्यांना एका दिवसात मितलाचे पडके राजवाडे, विणकरांचं गाव आणि घायपातीच्या दारूची, मेस्कालची भट्टी दाखवून आणायचा, त्याच्या व्हॅनमध्ये ती गुपचूप बसली. तिला फक्त मितला बघायचं होतं. विणकरांचं गाव म्हणजे आपलंच, आणि व्हॅन सगळ्यात आधी तिबुर्सिओच्याच दारात थांबते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिने डोळे वटारले तेव्हा एलियासार हळूच म्हणाला होता, "तू विचारलंच नाहीस, मावशी."

तिबुर्सिओ मागावर बसला. पाहुण्यांत ब्रिखिदा नावाची एक निवृत्त शिक्षिका होती, उत्तरेकडून आलेली, प्रत्येक गोष्टीला का विचारणारी. ती मागाला अगदी नाक लावून उभी राहिली. गालिच्यात दोन रंग उभ्या रेघेत शेजारी आले की मध्ये फट कशी पडते, ते त्याने तिला दाखवलं. फटीत करंगळीसुद्धा घातली. मग दोन्ही धागे एकमेकांत अडकवून ती फट कशी बुजवायची तेही दाखवलं. आणि तिथे थांबला असता तर तो तिबुर्सिओ कसला.

"आमच्या गालिच्यांवर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी असते. गावात एक घर आहे," त्याने सुरुवात केली. "त्यांच्या म्हाताऱ्याला, आर्नुल्फोला, हे धागे अडकवायचं कधी जमलं नाही. रेघ लांबली की फट मोडायला तो मध्येच एक आखूड पायरी बाहेर काढायचा. सगळ्या पायऱ्या ऐटीत चढतायत आणि ही एक लंगडतेय. लोक हसले, तर म्हणे मितलाच्या भिंतीवर जाऊन बघा. तेव्हापासून ते घर तीच लंगडी पायरी विणतंय. तुम्ही आता मितलालाच निघालात, तर तेवढी शोधून आणा. आम्हाला तर कुणाला दिसली नाही."

पाहुणे हसले. एलियासार नेहमीसारखा बाहेर व्हॅनपाशी थांबला होता. सेनाइदाच्या कानशिलांवर रक्त चढलं, पण ती परकी बाई होती ना आज. परक्या बाईला कसला आलाय आजोबा. तीही थोडं हसली, आणि मग त्या हसण्याची लाज तिला व्हॅनमध्ये बसेपर्यंत पुरली.

ब्रिखिदा तिच्याच शेजारी बसली. तुम्ही कुठल्या, एकट्याच आलात का, त्या पायरीची गोष्ट खरी असेल का, असं बरंच विचारत होती. सेनाइदा हो-नाहीत उत्तरं देत खिडकीबाहेरचे घायपातीचे मळे बघत राहिली.

घरचा माग शनिवारपासून बंद होता. ओदिलिया, तिची एकुलती एक लेक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः एकटीने विणायचा असा पहिला गालिचा घेऊन बसली होती. काम बरोबर त्या ओळीवर आलं होतं जिथे आर्नुल्फोची पायरी घालायची. आणि पोरीने सुताची कांडी खाली ठेवली. म्हणाली, मला धागे अडकवता येतात, मला फट पडत नाही, मग मी ही चूक का विणू? सेनाइदा म्हणाली, ती चूक नाही, ती मितलाच्या भिंतीवर आहे, आपल्या वाडवडिलांनी कोरलेली. त्यावर ओदिलियाने भांडणाचा सूरही न लावता विचारलं, "आई, तू ती भिंत पाहिलीयस कधी?"

पाहिली नव्हती. मितलाच्या बाजारात ती शंभरदा गेली असेल, पण राजवाड्याच्या आत एकदाही नाही. तिचा बापही गेला नव्हता. तो म्हणायचा, पुरावा बघायला निघालेला माणूस घरातूनच शंका घेऊन निघतो. आर्नुल्फो जाऊन बघा म्हणाला, आणि गेलो तर त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं होईल, म्हणूनच त्याच्या घरातलं कुणी गेलं नाही. पण लेकीचा प्रश्न काही तिचा पिच्छा सोडेना. चूल पेटवताना तोच, लोकर पिंजताना तोच. शेवटी ती म्हणाली, चार दिवस थांब, मग बघू. कशासाठी थांब, ते मात्र सांगितलं नाही. पायरी भिंतीवर असली तर विणेन, असा शब्द ओदिलियाने दिला होता. नसली तर सेनाइदाला लेकीसमोर मान खाली घालावी लागणार होती, आणि तिबुर्सिओसमोरही.

मितलाच्या अंगणात ऊन नुसतं आग ओकत होतं. एलियासारने सगळ्यांना पहिल्या भिंतीच्या सावलीत उभं केलं. बोटभर, वीतभर कापलेले दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवून केलेली नक्षी, हे तो रोज सांगायचा आणि रोज त्यात जीव ओतून सांगायचा. सेनाइदा ऐकत नव्हती. ती भिंती वाचत होती. डावीकडून उजवीकडे, खालून वर, माग वाचतात तशी. पायऱ्या चढत होत्या, वळत होत्या, पुन्हा चढत होत्या, आणि एकही लंगडत नव्हती. पहिला चौक झाला. दुसरी खोली झाली. एवढ्या सुंदर भिंती आयुष्यात पहिल्यांदा बघतेय आणि प्रत्येक भिंतीवर रागावतेय, हे तिच्याच लक्षात आलं आणि तिला स्वतःचं नवल वाटलं.

"हे बारके खडे कशाला लावलेत?" ब्रिखिदाने विचारलं. मागच्या चौकाच्या भिंतीत, दगडांच्या सांध्यात, हरभऱ्याएवढ्या खड्यांची एक ओळ आडवी गेली होती.

एलियासार म्हणाला की जुन्या मोठ्या भूकंपात या भिंतीचा वरचा भाग कोसळला होता. आसपासच्या गावांतून मजूर आणून तो पुन्हा उभा केला. ओळीच्या खालचं सगळं प्राचीन, वरचं नंतर बसवलेलं, त्याची खूण म्हणून हे खडे.

सेनाइदाने वर पाहिलं. पाच पायऱ्या ऐटीत चढत गेल्या होत्या, आणि सहावी लंगडत होती.

तिने शाल डोक्यावरून खाली सोडली. तीच. तीच आखूड पायरी, तेवढीच बाहेर आलेली, उभ्या रेघेच्या मधोमध. तिला ओरडावंसं वाटलं. तिबुर्सिओला मानगूट धरून इथे आणावंसं वाटलं. डोळे भरून आले तसे तिने ते भरू दिले.

एलियासारलाही ती पायरी माहीत होती. ती तो रोज दाखवायचा, फक्त आपल्या मावशीच्या गालिच्याशी तिचा संबंध त्याने कधी जोडला नव्हता. शहरात वाढलेला पोरगा, त्याच्या दृष्टीने गालिचा म्हणजे गालिचा. "मितला म्हणजे मेलेल्यांचं गाव," तो सांगत होता. "आत्म्याला नक्षीतून बाहेर पडता यावं म्हणून कारागिरांनी मुद्दाम एक चूक ठेवली, असं म्हणतात."

"पण ती खड्यांच्या वर आहे," ब्रिखिदा म्हणाली.

"बसवताना जशी होती तशीच बसवली असणार."

"कशी होती ते कुणाच्या लक्षात होतं?"

एलियासार हसला, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता म्हणाला, आणि सगळ्यांना घेऊन पुढच्या दालनाकडे निघाला. सेनाइदा तिथेच राहिली.

ती पुन्हा वर बघत होती, पण आता वेगळं. ही पायरी फट मोडायला काढतात. सुताला फट पडते, कारण दोन रंगांचे धागे आपापल्या वाटेने परत फिरतात. दगडाला कुठली फट? दगड दगडावर बसला की बसला. ज्यांनी ही नक्षी पहिल्यांदा घडवली त्यांना या पायरीची गरजच नव्हती, आणि म्हणूनच बाकी एवढ्या भिंतींवर ती कुठेही नव्हती. दगडात अशी पायरी कोण काढेल? ज्याच्या हाताला फटीची भीती बसलीय तो. ज्याने जन्मभर माग चालवलाय तो.

आर्नुल्फो तरुणपणी काही महिने मितलाला मजुरीवर होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिथेच त्याने ती नक्षी पाहिली आणि घरी आणली, असंच सगळे धरून चालले होते. पण तो तसं कधी म्हणाला होता का? सेनाइदाने आठवून पाहिलं. नाही. तो एवढंच म्हणायचा, बघायची तर मितलाची भिंत बघा. आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. लोक पायरीला हसले, म्हणून गडी गेला आणि ती पायरी राजवाड्यात बसवून आला.

ती उंबऱ्याच्या दगडावर बसली. ज्या भिंतीच्या जोरावर बाप भांडला, आपण भांडलो, पोटच्या पोरीशी तीन दिवस धड बोललो नाही, ती भिंत आपल्याच घरातली निघाली. वाडवडिलांनी कोरलेली म्हणे. एका हट्टी मजुराने दुपारच्या उन्हात, मुकादमाची पाठ वळली असताना बसवलेली. तिला आजोबांचा भयंकर राग आला. जवळ असते तर खडे बोल सुनावले असते. पण रागावतानाच तिची नजर पुन्हा वर गेली. पायरी नीट बसली होती. सांधा केसाएवढा. मागाचा माणूस, छिन्नी कधी हातात न धरलेला, आणि केवढं सुबक काम. इतकी वर्षं जगभरची माणसं इथे येऊन माना उंच करून तिच्याकडे बघत होती.

भट्टीवर पोचेपर्यंत दुपार कलली. घोडा दगडी चाक ओढत होता, भाजलेल्या घायपातीचा गोड वास सगळीकडे भरला होता. भट्टीवाल्याने वाळक्या भोपळ्याच्या वाट्यांत मेस्काल ओतला, संत्र्याच्या फोडी आणि भाजलेल्या अळ्या वाटून केलेलं मीठ पुढे केलं. पाहुणे वास घेत होते, तोंडं वाकडी करत होते, पुन्हा मागत होते. पिण्याआधी चार थेंब जमिनीवर, मेलेल्यांसाठी, अशी इथली रीत. सेनाइदाने चार थेंबांवर भागवलं नाही. अर्धी वाटी उपडी केली.

"इतकं कुणासाठी?" ब्रिखिदाने विचारलं.

"आजोबांसाठी. फार लबाड माणूस."

आणि तिला हसू फुटलं. असं की वाटी खाली ठेवावी लागली. ब्रिखिदाला काही कळलं नाही, पण तीही हसली आणि तिने आपल्या वाटीतले थेंब त्याच जागी सांडले. लबाड माणसं आमच्याही घरात होऊन गेलीत, असं काहीतरी म्हणाली.

संध्याकाळी सेनाइदा घरात शिरली तेव्हा ओदिलिया मागासमोर पाटावर बसली होती, हात मांडीवर. काम त्याच ओळीवर थांबलेलं. आईच्या हातात सुताचं एक रीळही नाही, हे तिने पाहिलं, आणि आईचा लाल तळहातही पाहिला. तिबुर्सिओने एव्हाना अर्ध्या गावाला बातमी दिलीच होती.

"मितलाला गेली होतीस?"

"हो."

"होती?"

"होती."

ओदिलियाने खालचा ओठ चावला. मग तिने पांढऱ्या सुताची कांडी उचलली आणि पायरी बाहेर काढायला उभे धागे मोजू लागली. दिलेला शब्द पाळणारी पोर होती ती. सेनाइदाने तिचं मनगट धरलं.

"सरळ घे."

"अगं, होती म्हणालीस ना?"

"होती म्हणूनच सांगतेय. ती तिथे दगडात पक्की बसलीय. इथे विणली नाहीस तरी आता ती हरवत नाही. तुझा गालिचा आहे. तुला येतं तसं विण."

ओदिलियाने दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवले, फणीने ठोकून बसवले आणि बोट फिरवून पाहिलं. फट नव्हती. दुसऱ्या ओळीला मात्र तिचा हात थांबला.

"पण आई, त्यांनी ती घातली कशाला असेल? दगडाला कुठे फट पडते?"

सेनाइदा चुलीकडे निघाली होती. ती वळली. पोरीचे डोळे बारीक झाले होते, मिशी असती तर हुबेहूब म्हातारा.

"येत्या रविवारी एलियासारच्या व्हॅनमध्ये जागा आहे," ती म्हणाली. "जाऊन बघ. मागच्या चौकात आधी खड्यांची ओळ शोध, मग वर बघ."

"कसले खडे?"

"ते तिथेच कळेल. आणि हे बघ, चढायला शहरात जाऊ नकोस. तिबुर्सिओच्या दारात उभी राहा."