बारा बोल्टांवरचा पिवळा

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी कशाला, इथं पुष्कळ जागा आहे. एक गोष्ट सांगते. माझ्या घरातलीच आहे, एका ट्रकची आणि त्यात बसलेल्या माझ्या दोन माणसांची.

आमचे हे ट्रक चालवतात. माझा धाकटा भाऊ मिस्त्री, गिअर आणि एक्सलचं काम करणारा. दोघांचं सख्य असं, की एक खोलीत आला की दुसऱ्याला बाहेरचं काम आठवायचं. "तुझा भाऊ गाडी दुरुस्त करतो की तिची समजूत काढतो?" असं हे विचारायचे, आणि इतकी वर्षं ट्रक दुसऱ्याच गॅरेजला न्यायचे.

मग एके दिवशी डोंगराच्या चढाला, भरल्या मालानिशी, ट्रकचा दम संपला. पहिल्या गिअरमध्येच इंजिन बंद पडलं आणि गाडी मागं घसरत गेली. कडेचा मातीचा ढीग आडवा आला म्हणून हे घरी आले. पुढं आठवडाभर झोपेत यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. मी म्हटलं, त्या चढाला पुन्हा जायचं तर मागच्या एक्सलचा गिअर बदलून, आणि तो माझा भाऊ बदलेल. नाहीतर किल्ली माझ्या हातात द्या.

काम तसं समजायला सोपं. ट्रकच्या मागच्या चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो ना, त्यात एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात. त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. लहानाचे जवळजवळ सहा फेरे झाले की आमच्या ट्रकचं चाक एकदा फिरायचं. भावानं बसवलेल्या नव्या जोडीत सात फेऱ्यांना एकदा. वेग कमी होतो, पण चढाला ताकद येते.

जोडी बसवली की दात एकमेकांना नीट टेकतात का ते बघायला दातांना पिवळी पेस्ट लावतात आणि चाक फिरवून तिचा ठसा तपासतात. शिवाय भावाची एक सवय होती. क्राउनचे बारा बोल्ट तो एकेक करून पूर्ण ताकदीनं आवळायचा आणि आवळलेल्या बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे बोल्ट झाला. तो रंगही पिवळाच.

त्या सकाळी तो बोल्ट आवळत असताना मी हाक मारली, "दोन घास खाऊन घे रे आधी." तो आला, जेवला, परत गेला. मागचं झाकण लावलं, तेल भरलं. हे नीट ध्यानात घ्या.

नवे गिअर लगेच मालाला जुंपत नाहीत. आधी रिकामी गाडी बेताच्या वेगानं वीसेक मिनिटं चालवायची, मग थांबून निवू द्यायची, पुन्हा चालवायची. दर थांब्याला मिस्त्री एक्सलच्या गोळ्यावर तळहात ठेवतो. हात टेकवून ठेवता आला तर ठीक, झटकन काढावा लागला तर आत काहीतरी बिनसलंय. म्हणून भाऊ बरोबर आला. आणि दोघंच एका केबिनमध्ये नकोत म्हणून मीही मधे बसले, देवाचं नाव घेत.

पहिला थांबा झाला, दुसरा झाला. हात टेकत होता. मग तो चढ आला. यांनी दुसरा गिअर टाकला आणि ट्रक सपाट रस्त्यावरून गेल्यासारखा वर गेला. अर्ध्यावर तो मातीचा ढीग मागं पडला, तेव्हा यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण खांदे खाली आले.

माथ्यावर थांबलो. हे म्हणाले, "मेहुणेबुवा, लाज राखलीत."

"कोणाची, भावोजी?"

"तुमच्या ताईची. माझी काय राहिली होती?"

मला हसू आलं. मी पाण्याची बाटली भावापुढं केली. ती परत घेताना म्हटलं, "अरे, हात तरी पूस. बाटलीभर पिवळी बोटं उठलीत."

तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मग बाहीकडे. बाही कोपरापर्यंत पिवळी होती. बोल्ट आवळायच्या आधीच, ठसा बघताना, त्यानं क्राउन हातानं फिरवलं होतं, बोल्टांची डोकी धरून.

तोवर यांनी गाडी सुरू करून उताराला लावली होती. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, पुढं वळणांवर वळणं. भाऊ आखडून बसला. मी त्याला पाळण्यापासून ओळखते. शाळेत काच फोडली होती तेव्हाही असाच गुडघे घट्ट धरून बसला होता.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "तू हाक मारलीस तेव्हा मी कितव्या बोल्टवर होतो?"

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही."

मागून आवाज आला. टक. मग थोड्या अंतरानं पुन्हा, टक. टाळाचा एखादा ठोका भलतीकडे पडावा तसा. यांनी मान तिरकी केली. भावानं डोळे मिटून कान दिला. तेव्हा मला कळलं, की गप्प बसला तर कदाचित आम्ही खाली पोचू, आणि याची अब्रू राहील. आणि कदाचित पोचणारच नाही. मी त्याचं मनगट धरलं, पण बोलले नाही. ते त्यालाच बोलायचं होतं.

"भावोजी, गाडी थांबवा. गिअरला हात लावू नका, नुसती ब्रेकवर घ्या. हळू."

"काय झालं?"

"क्राउनचे काही बोल्ट आवळलेले नाहीत. पेस्टचा पिवळा बघून मी बोल्ट झाले असं समजलो. एखादा निघून दातांत अडकला तर मागची चाकं जागीच जाम होतील."

मला वाटलं, आता हे इतक्या वर्षांचं सगळं काढतील. यांनी काहीच काढलं नाही. पुढची वळणाची जागा बघितली, ट्रक इंच-इंच करत डोंगराच्या कडेला नेला आणि पुढची चाकं डोंगराकडे वळवून थांबवला.

खरी भीती त्यानंतर होती. सगळे बोल्ट हाताला यायचे तर मागचं एक चाक जॅकवर उचलून फिरवायला हवं, म्हणजे हँडब्रेक सोडायला हवा. भरउतारावर. तिन्ही टेकलेल्या चाकांना आम्ही दगडांचा अडसर लावला. पुढच्या दगडांपाशी मला बसवलं. "दगड तसूभर जरी सरकला तरी ओरड," भाऊ म्हणाला. तेल डब्यात काढलं, झाकण उघडलं, आणि तो आडवा होऊन खांद्यापर्यंत आत शिरला. त्याची बोटं दातांच्या शेजारी, आणि चाक यांच्या हातात.

"मी सांगितल्याशिवाय हलवू नका."

"नाही हलवत."

"फिरवा. बस. हा घट्ट आहे."

सात घट्ट निघाले. आठवा बोटानं फिरला. नववा, दहावा आणि बारावाही. अकरावा तर निम्मा बाहेर आला होता. त्याचं डोकं कशाला तरी घासून आरशासारखं चमकत होतं. भाऊ तो बघत पडून राहिला.

हे म्हणाले, "नंतर बघ त्याला. आधी आवळ. मी चाक धरलंय."

पान्याला लोखंडी नळी लावून त्यानं पाचही आवळले, मग बाराच्या बारा पुन्हा. एकदा दगड करकरला आणि माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. दोघंही जागच्या जागी थिजले. दगड तिथंच होता. यांच्या हातातलं चाकही हललं नाही. मग झाकण बसलं, तेल माझ्या रुमालातून गाळून परत गेलं.

भाऊ केबिनमध्ये चढेना. "तुम्ही व्हा पुढं. मी येतो चालत."

"चालत?" हे म्हणाले. "आणि खाली पोचल्यावर हात कोण लावणार गोळ्याला? मला काय कळतंय त्यातलं? चढ वर."

तो चढला. उतार उतरेपर्यंत तिघांचे कान मागं होते. आवाज पुन्हा आला नाही. खाली दोघंही एकदमच वाकले, एका गोळ्यावर दोन तळहात.

"टेकतोय," भाऊ म्हणाला.

"टेकतोय," हेही म्हणाले.

त्या दिवसापासून आमचा ट्रक दुसऱ्या गॅरेजला गेलेला नाही. बोल्टांचा रंग आता पांढरा आहे. काम चालू असताना मीही कोणाला जेवायला हाक मारत नाही. चूक त्याची होती, हाक माझी. आताही तो कोणाच्या तरी गाडीखाली पाठ टेकून पडला असेल. संध्याकाळी देवापुढं दिवा लावाल तेव्हा माझ्या धाकट्याची क्षणभर आठवण काढा.